आत्याला तीन महिने प्रभुभोजन बंद: मंडळीत कृपा मोठी की नियम?

वडाची_पारंबी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. (आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्च आणि चर्चची माणसं. पुढे हा शब्द सारखा येणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. गोष्ट गेल्या वर्षीची, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावची. आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्याच्या बऱ्याच नंतरचा. मी नोकरीमुळे पिंपरीत असतो, आत्या मात्र अजून गावातच. वय ६८, अंगणवाडी सेविका होती, आतोबांना जाऊन २२ वर्षं झाली.

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून पाव आणि द्राक्षरस घ्यायचा). त्याचा पाव गेली तीसेक वर्षं आत्या कापते. शनिवारी संध्याकाळी बेकरीतला मोठा स्लाइस पाव आणायचा, कडा काढायच्या, चार-चार स्लाइस एकावर एक ठेवून बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे आणि वर क्रोशाचा रुमाल झाकायचा. कडा डब्यात भरून दुसऱ्या दिवशी शब्बाथशाळेतल्या (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गातल्या) पोरांना. मी त्या कडांवर वाढलोय, माझी मुलगीही.

तर संक्रांतीनंतर आत्याच्या शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. त्या घरच्या सुनेने ठरवलं, यंदा गल्लीतल्या विधवा बायकांनाही बोलवायचं. आत्या ख्रिस्ती आणि वर विधवा, म्हणजे तिला बोलावण्याचा प्रश्न आजवर कुठूनच आला नव्हता. ती गेली. सुनेने विचारलं, "लावू का, काकू?" आत्या म्हणाली, "लाव बाई." तिळगूळ, वाण म्हणून एक स्टीलची वाटी आणि कपाळाला कुंकू. तिथून ती गिरणीत गेली, दळण घेतलं आणि चालत घरी आली. कुंकू पुसलं नव्हतं. का नाही पुसलंस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणते, "पोरीनं मायेनं लावलेलं, रस्त्यात पुसायचं कसं?"

गिरणीत मंडळीतलं कोणीतरी होतं. दोन आठवड्यांत पंचांची सभा बसली. पंचांमध्ये एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी बायबलमधला, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (करिंथकरांस पहिले पत्र) ११ वा अध्याय काढला: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. ठराव झाला. तीन महिने शिस्त, म्हणजे प्रभुभोजन बंद, आणि त्यानंतर उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) नुकतेच बदलून आलेले. ते गप्प बसले.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी गावी पोचलो तर आत्या पाव कापत बसलेली. म्हटलं, "अगं, तुला खायचं नाही, मग कापतेस कशाला?" मान वर न करता म्हणाली, "बंदी खायची हाये. कापायची नाही."

दुसऱ्या दिवशी ताट रांगेतून आलं. आत्याने ते दोन्ही हातांनी धरलं, आत पाहिलं आणि शेजारणीकडे दिलं. मग द्राक्षरसाचा ट्रे आला, भोकांत बसवलेल्या काचेच्या छोट्या पेल्यांचा. तोही तिने तसाच पुढे दिला. पेले जरा किणकिणले, तेवढंच. मी माझा तुकडा खाल्ला की नाही, आठवत नाही. डोकं भणभणत होतं.

माझं म्हणणं एवढंच: ज्या पौलाच्या पत्राने आत्याला उठवलं, त्याच पौलाने गलतीकरांना लिहिताना अंत्युखियातली हकीकत सांगितली आहे. पेत्र, येशूचा थोरला शिष्य, तिथे परजातीच्या (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून कडक मताची माणसं आली तेव्हा भिऊन पंगतीतून उठून बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर खडसावलं. पेत्राला! माणूस नियम पाळून नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो, हे पौलाचं प्रसिद्ध वाक्य येतं ते या पंगतीच्या भांडणात. मग आमच्या गावात कोण पेत्र आणि कोण पौल? तुमचे अनुभव लिहा. वेगळ्या मतांचंही स्वागत.

बावखल

वाचून पोटात कालवलं. "बंदी खायची हाये, कापायची नाही" हे डोक्यातून जात नाही.

मी वसईची, कॅथलिक. आमच्यात पंचांचा ठराव वगैरे नसतो, पण नियमांना तोटा नाही. पूर्वी कम्युनियन (आमच्यातलं प्रभुभोजन) घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. माझी आजी सांगायची, सकाळी चूळ भरताना पाणी घशाखाली गेलं म्हणून ती मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बाकावरच बसून राहिली. सगळी रांग पुढे गेली आणि आख्खं चर्च आपल्याकडे बघतंय असं तिला वाटलं. पोपने १९५३ मध्ये पाण्याची बंदी काढली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. आजीला जेव्हा कळलं तेव्हा म्हणाली, "मग मी त्या दिवशी कशाला उपाशी राहिले?"

हसून सांगायची, पण विसरली नव्हती.

तिरकस_रेघ

दुसरी बाजू. कृपा म्हणजे काय, तर आठवडाभर काय वाटेल ते करा, रविवारी डोळे मिटून क्षमा मागा, खातं कोरं. नियमवाले निदान काहीतरी मागतात तरी. माझ्या ऑफिसात एक जण आहे, गळ्यात क्रूस आणि टेबलाखालून हात पुढे. 'देव क्षमाशील आहे' म्हणतो.

(हलकेच घ्या. पण प्रश्न खरा आहे.)

एक_पैठणकर

ख्रिस्ती शास्त्र मला कळत नाही, पण पंगत कळते. आमच्या गावचे नाथबाबा. त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, वासाने दारावरून जाणाऱ्या महारांच्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं, म्हणून नाथांनी तोच स्वयंपाक त्यांना वाढला. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. मग म्हणे पितर स्वतःच येऊन जेवले. दंतकथा असेल. पण लोकांनी ती सांगायला निवडली, याला काही अर्थ आहे.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. आम्ही पोरं शाळेतून आलो की ओरडायची, "शिवू नका!" माया नव्हती असं नाही. उलट जीव टाकायची. पण तिची माया सोवळ्याच्या पलीकडे उभी राहून हात पसरायची, अलीकडे येत नव्हती. तुमच्या गुरुजींचं तसंच काहीसं असेल का?

अवांतर: दक्षिणेतल्या वैष्णवांत हाच वाद शतकानुशतकं आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं. मांजरीचं पिल्लू नुसतं पडून असतं, आईच त्याला मानेला धरून उचलते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. एका पक्षाला भक्ताचे प्रयत्न लागतात, दुसऱ्याला नाही. तिरकस_रेघ यांचा सवाल मांजरपक्षाला नेहमीच विचारला जातो.

पाळकाची_लेक

बाकीचे रागावतील, पण शिस्तीच्या बाजूने मला बोलायचं आहे.

वडील मराठवाड्यात ३५ वर्षं पाळक होते. एका गावी मंडळीतला एक माणूस बायकोला मारायचा. पोलिसात गेली असती तर नवऱ्याच्याच भावकीने घराबाहेर काढली असती. वडिलांनी आणि पंचांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलं. गावात सगळ्यांना कळलं. तीन-चार महिन्यांनी तो रडत आला, आणि वडिलांनी आधी बायकोला विचारलं की हात थांबला आहे का. तिने हो म्हटल्यावरच ताट त्याच्याकडे गेलं. दुबळ्या माणसाच्या हातात कधी कधी मंडळीचा नियम एवढी एकच काठी असते. ती मोडायला निघालात तर तिच्या जागी काय देणार?

आणि गुरुजींचा मुद्दा पोकळ नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. यरुशलेमेच्या सभेने परजातींतून आलेल्यांवर सुंतेचं ओझं टाकलं नाही, पण मूर्तीला वाहिलेल्या अन्नापासून दूर राहा, हे सांगितलंच. पौलही एकीकडे म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते निमूट खा, चौकशा करू नका. आणि लगेच म्हणतो, पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. दोन्ही वाक्यं एकाच अध्यायात आहेत. तेव्हा गुरुजींना सिनेमातला खलनायक करू नका, धागाकर्ते.

एक विचारू? गुरुजींशी तुम्ही बोललात का?

वडाची_पारंबी

नाही बोललो. त्या रविवारी दाराशी त्यांनी 'सलाम' म्हटलं, मी न ऐकल्यासारखं करून निघून आलो.

जुनी_पोथी

दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

पहिली, 'अयोग्य प्रकारे खाणे'. वचन ज्या भांडणातून आलं ते वाचा. करिंथात मंडळी संध्याकाळी जमायची. ज्यांना मोकळा वेळ आणि पैसा होता ते लवकर येऊन खाऊनपिऊन तट्ट व्हायचे, आणि जे मागाहून येत, ज्यांच्याकडे काही नव्हतं, ते उपाशी राहायचे. पौल लिहितो, एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. 'अयोग्य' हा शब्द त्यावर आहे. शेवटचा सल्लाही साधा आहे: जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. म्हणजे जो अध्याय काढून एका म्हातारीला पंगतीतून उठवलं, तो अध्याय लिहिला गेला कोणाला तरी पंगतीबाहेर ठेवलं म्हणून. गुरुजी शिक्षक आहेत, संदर्भासहित स्पष्टीकरण त्यांना नवं नसावं.

दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. 'परूशी' (येशूच्या काळचा एक यहुदी पंथ) हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. तसे ते नव्हते. मंदिरातली शुद्धता रोजच्या घरात आणि जेवणात आणू पाहणारी ती माणसं होती, लोकांना त्यांच्याबद्दल आदर होता. पौल स्वतः परूशी होता आणि तसं सांगतोही. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने दाखवून दिलं की त्या काळचा यहुदी धर्म म्हणजे पुण्याची वजाबाकी-बेरीज, हे चित्र चुकीचं आहे. नियम पाळणं हे देवाने आधीच केलेल्या कराराला दिलेलं उत्तर होतं. सँडर्स यांच्या सगळ्याच म्हणण्याशी सगळे सहमत नाहीत, पण ते जुनं व्यंगचित्र आता कोणी जबाबदार अभ्यासक काढत नाही.

म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला येशूचा दृष्टांत बोचतो. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो (नियमशास्त्राने वर्षातून एकच सांगितला आहे, प्रायश्चित्ताच्या दिवशी), सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो. खोटं एक अक्षर बोलत नाही. जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांना पिळणारा. ऐकणाऱ्यांच्या मनात शंकाच नव्हती की देवाजवळचा कोण. आणि घरी नीतिमान ठरून जातो तो 'मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणणारा. आपण मात्र दोन हजार वर्षं ऐकून ऐकून परूशाला आधीच नापास केलेलं असतं.

सदाफुली

माझी गोष्ट सांगते. दहावीनंतर मी एका प्रार्थनासभेत जाऊ लागले (नाव सांगत नाही). तिथे बायका दागिने घालत नसत. पेत्राच्या पत्रात लिहिलंय ना, तुमची शोभा केस गुंफण्याची आणि सोनं घालण्याची नसावी. मी आईने केलेल्या कुड्या काढून डबीत ठेवल्या. आई काही बोलली नाही. पुढे दोन वर्षं मी कोणाच्याही लग्नात गेले की आधी बायकांच्या कानांकडे बघायचे. मग गळ्याकडे. मनातल्या मनात मार्क द्यायचे. एकदा एका मावशींनी नाकात चमकी घातलेली पाहून मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःच दचकले.

माझे मोकळे कान हाच माझा सगळ्यात मोठा दागिना झाला होता.

आता कुड्या घालते. पण ज्या बायका घालत नाहीत त्यांना हसतही नाही. त्यांतल्या कित्येकींनी खरंच साधेपणासाठी काढल्यात, माझ्यासारखं मार्कांसाठी नाही.

बावखल

सदाफुली, ____/\____

जुनी_पोथी यांना एक पुरवणी. हे 'कृपेने की कर्माने' भांडण फक्त प्रोटेस्टंट-कॅथलिक आहे असं समजणाऱ्यांसाठी: आम्ही कॅथलिक स्वतःच्या कर्माने तारण कमावतो, हे आमच्याबद्दल चुकीचं सांगितलं जातं. ल्यूथरने १५१७ मध्ये पापमुक्तिपत्रांच्या विक्रीवर जे झोडपलं ते झोडपण्यासारखंच होतं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या की देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, त्याच्या लायकीमुळे नव्हे. आणि तीच कृपा त्याला सत्कर्मांना लावते. २००६ मध्ये मेथडिस्टही सामील झाले. कागदावर तरी मिटलंय. बाकावर मिटायचं आहे.

जुनी_पोथी

+१. शेवटचं वाक्य विशेष.

तिरकस_रेघ

माझ्या प्रश्नाचं काय? सगळे गोड गोड बोलून राहिले.

पाळकाची_लेक

तुमचा प्रश्न पौलालाच विचारला होता लोकांनी. रोमकरांस पत्र, अध्याय ६: कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? उत्तर: मुळीच नाही. आणि डिट्रिख बोनहोफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थाला नाव देऊन ठेवलंय: 'स्वस्त कृपा'. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती क्षमा हवी. बोनहोफरला पुढे नाझींनी एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलं, तेव्हा त्याची कृपा स्वस्त होती असं कोणी म्हणू शकणार नाही.

पण मला जक्कयाची गोष्ट जास्त पटते. तोही जकातदार, मुख्य जकातदार. बुटका, म्हणून झाडावर चढलेला. येशू वर बघून काय म्हणतो? 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.' अट नाही, आधी लाचेचे पैसे परत कर असं नाही. येशू घरात शिरल्यावर जक्कय उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, फसवलेल्यांना चौपट परत करतो. पैसे परत गेलेच, तिरकस_रेघ. फक्त पाहुणा आधी आला आणि हिशोब नंतर झाला. तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत हिशोबच झालेला नाही.

तिरकस_रेघ

हम्म. चौपट म्हणजे बरेच झाले. आमचा माणूस चहाही पाजत नाही.

संपादक

धर्मांतरावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. तो विषय वेगळ्या धाग्यावर चालू आहे.

जुनी_पोथी

पंडिता रमाबाईंचा उल्लेख कोणी कसा केला नाही? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही अँग्लिकन जोगिणींच्या (नन्सच्या) मठात राहून. बाप्तिस्म्यानंतर लगेच खटके. बाई शाकाहारी, ते सोडायला तयार नाहीत. मठातल्यांना त्यात जातीचा जुना अहंकार दिसायचा. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला संस्कृत हवीत, हाही वाद. १८८५ मध्ये त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रात त्या स्पष्टच सांगतात की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही.

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी उतारवयात लिहिलेलं: बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे बोलणारी बाई नियमांना घाबरणारी नव्हती, शिस्तीची भोक्ती होती. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो मुलींचा संसार शिस्तीशिवाय चालला नसता. पण समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे जे घर काढलं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं कृपासदन.

तुमच्या नगरचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही शेवटी मिशनच्या चौकटीतून १९१७ मध्ये बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांचा मिळून 'देवाचा दरबार' मांडू लागले. दोन वर्षांत ते गेले, ते काम तसंच राहिलं.

वडाची_पारंबी

सगळ्यांचे आभार. काही दिवस गप्प होतो, कारण पाळकाची_लेक यांचा प्रश्न टोचत राहिला. शेवटी गुरुजींच्या घरी गेलेलो सांगतो. एप्रिलमध्येच गेलो होतो, इथे लिहायची लाज वाटत होती.

गेलो भांडायलाच. खिशात गलतीकरांचा दुसरा अध्याय तयार. गुरुजींनी चहा केला (काकू आजारी असतात, तेच करतात), आणि मी सुरू करायच्या आत म्हणाले, "तुमच्या आत्याच्या शेजारचं घर कोणाचं, माहीत आहे का?" म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, "त्या घराच्या ओसरीखाली माझ्या बापाला ओंजळीत वरून पाणी ओतायचे. भांडं विटाळेल म्हणून. बाप्तिस्मा घेतला तेव्हा बापानं ठरवलं, या उंबऱ्याची कसलीच वस्तू यापुढे तोंडात घालायची नाही आणि कपाळाला लावायची नाही. त्यानं आम्हाला मान वर करायला शिकवलं ते असं. आता तिथंच जाऊन कुंकू लावून यायचं?"

मी काही बोललो नाही. माझ्या खिशातला अध्याय खिशातच राहिला. नगरकडचे आम्ही बहुतेक सगळे महार-मांग समाजातून आलेलो. आमच्या घरातही हीच गोष्ट असणार, फक्त मला कोणी सांगितली नव्हती. गुरुजींचा नियम म्हणजे त्यांच्या बापाचं वर झालेलं डोकं. आणि त्याच ओसरीवर त्याच घरची सून आता स्वतः येऊन "लावू का, काकू?" विचारते, म्हणजे भिंत त्या बाजूने पाडायला घेतली होती. आत्या पलीकडे गेली. आम्ही आमच्या बाजूने ती परत बांधली. हे मी गुरुजींना म्हटलं, तितकं नीट नाही, अडखळत. ते म्हणाले, "असेल. पण मला जमत नाही." तेवढ्यावर चहा संपला.

येताना लक्षात आलं की मार्चच्या त्या रविवारी आख्ख्या चर्चमध्ये मी एकटाच मनात म्हणत होतो, देवा, मी या पंचांसारखा नाही म्हणून तुझे आभार. शब्दही तेच, लूकमधल्या परूशाच्या प्रार्थनेतले. पाव हातात घेऊन.

सदाफुली

:( आणि :) दोन्ही.

एक_पैठणकर

गुरुजींचं ते ओंजळीचं वाचून धागा बंद करून बाहेर जाऊन आलो. आमच्या ओसऱ्या होत्या त्या.

पाळकाची_लेक

मे महिन्यात काय झालं? तीन महिने भरले असतील. उभं राहायला लावलं का?

वडाची_पारंबी

लावलं. मी तिला आदल्या रात्री सांगितलं, "आत्या, तू उठू नकोस. चूक केलीच नाहीस तर कबूल काय करणार?" म्हणाली, "तू झोप."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी नाव घेतलं, ती उठली. पदर सारखा केला. जे बोलली ते जसंच्या तसं देतो, कारण मी तेव्हाच फोनवर टिपून घेतलं:

"कुंकवाचं मला काही म्हणायचं नाही, ते देवाला ठाऊक. पण तीन महिने पाव कापताना मी एकेकाचं नाव घेऊन कापत होते. गुरुजींच्या नावाला सुरी लई जोरात चालायची. त्या पावाचे तुकडे तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत. त्याची माफी मागते."

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. गुरुजी हसले नाहीत. ताट वाटायची पाळी त्या दिवशी त्यांची होती. रांगेच्या टोकाला ताट देऊन पुढे जायची पद्धत आहे. ते आत्याच्या रांगेत आत शिरले, पाय आवरायला लावत, आणि तिच्यापुढे ताट धरून उभे राहिले. तिने तुकडा घेतला. दोघांपैकी कोणीही काही बोललं नाही.

ठराव मात्र वहीत तसाच आहे. रद्द करायचा विषय मी काढला, पंचांनी 'पुढच्या सभेत बघू' म्हटलं. तीन सभा झाल्या. यंदाच्या संक्रांतीला काय होतं ते बघायचं.

जुनी_पोथी

'त्या पावाचे तुकडे तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत.' बाईंना करिंथकरांस पत्र माझ्याहून चांगलं कळलंय.

तिरकस_रेघ

एक फालतू शंका. आता पाव कोण कापतं?

वडाची_पारंबी

आत्याच. परवाच फोन केला तर शनिवार होता, मागून सुरीचा आवाज येत होता. म्हणाली, कडा आता शब्बाथशाळेला कमी पडतात, कारण शेजारच्या सुनेचं पोरगं शनिवारीच वाटी घेऊन येऊन बसतं. त्याला कडा तुपात परतून, वर साखर घालून लागतात. वाटी तीच, वाणातली.